ओले एव्हिनरूड : वल्ही खाली ठेवायला लावणारा माणूस

मराठीत 'ओले' म्हणजे भिजलेले. नॉर्वेत मात्र ते मुलाचं अगदी साधं नाव आहे, आपल्याकडं जुझे किंवा गणेश असावं तसं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य तळी, नद्या आणि होड्या यांच्या संगतीत गेलं त्याचं नाव ओले असावं, यातली गंमत फक्त मराठी वाचकालाच कळेल.

हा माणूस म्हणजे ओले एव्हिनरूड. होडीच्या मागच्या फळीला शिकंज्यानं अडकवायची आणि काम झालं की उचलून घरी न्यायची मोटर, म्हणजे आऊटबोर्ड मोटर, जगभर पोचली ती याच्यामुळं. आपल्या मांडवीत, झुवारीत, किनाऱ्यावर ओढलेल्या पातींवर आपण जी यंत्रं रोज पाहतो, ज्यांना कुणी 'मशीन' म्हणतं, कुणी 'ओबीएम', ती सगळी त्याच वंशातली. आज आपल्याकडची बहुतेक यंत्रं जपानी आहेत, त्यामुळं एव्हिनरूड हे नाव इथं फारसं ऐकू येत नाही. पण जुन्या यंत्रांचा नाद असलेल्या लोकांत ते आदरानं घेतलं जातं. कारण त्याच्या हयातीत बनलेल्या मोटरी आजही कुणीतरी साफ करतो, पाण्यात उतरवतो आणि त्या चालतात.

त्याच्याबद्दल एक आइस्क्रीमची गोष्ट फार सांगितली जाते. ती गोड आहे, म्हणून टिकली. पण त्याच्या आयुष्यात तिच्याहून मोठी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. या लेखात दोन्ही सांगते. मधे थोडं ग्रीस आणि पेट्रोलही येईल, त्याला इलाज नाही. या माणसाचा स्वभाव त्याच्या यंत्रातच जास्त स्पष्ट दिसतो.

जाळलेली होडी

ओलेचा जन्म १९ एप्रिल १८७७ चा, नॉर्वेतला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेला गेलं आणि विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज या गावाजवळ, रिप्ली नावाच्या तळ्याशी शेती करू लागलं. एव्हिनरूड हे आडनाव नॉर्वेतल्या आजोळच्या शेतवाडीवरून आलेलं. त्या देशात गावाकडची माणसं जमिनीच्या नावानंच ओळखली जात. अमेरिकेच्या प्रवासात हा पोरगा सारखा बोटीच्या इंजिनरूममध्ये जाऊन बसायचा आणि घरच्यांना त्याला शोधून बाहेर काढावं लागायचं, असं सांगतात.

ओले थोरला आणि पाठीवर भावंडं पुष्कळ. त्यामुळं शाळा लहानपणीच सुटली आणि शेतीचं काम अंगावर आलं. पण हात सुतारकामाकडं आणि लोखंडाकडं वळलेले. त्यानं चोरून एक होडी बनवायला घेतली. वडिलांना शेतीच्या कामाला हात हवे होते, होडीचं खूळ नको होतं. अर्धवट होडी सापडल्यावर त्यांनी ती जाळून टाकली, अशी आठवण त्याच्या चरित्रात येते. पोरानं काय करावं? दुसरी बनवली. या वेळी ती तळ्यात उतरली, चालली आणि सुटीत तळ्यावर येणाऱ्या शहरी लोकांना फेरी मारून आणून तो चार पैसेही मिळवू लागला. मग वडिलांचा विरोध मावळला.

सोळाव्या वर्षी तो घर सोडून चालतच मॅडिसनला गेला, सुमारे वीस मैल. तिथं शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली आणि रात्री गणित आणि यंत्रशास्त्राची पुस्तकं वाचायला सुरुवात केली. नंतर पिट्सबर्गचे पोलादाचे कारखाने, शिकागोतली यंत्रशाळा असं करत तो मिलवॉकीत आला आणि पॅटर्नमेकर झाला. पॅटर्नमेकर म्हणजे ओतीव भागासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना कोरणारा कारागीर. लाकूड आणि लोखंड या दोन्हींची भाषा ज्याला येते त्याचंच हे काम. त्या काळात पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांनी सगळ्या तरुण कारागिरांना वेड लावलं होतं. ओलेनंही भागीदारीत छोटी इंजिनं बनवायचा धंदा काढला. यंत्र बनवण्यात तो तरबेज, पण हिशेब, पत्रव्यवहार, उधारी-वसुली यांत अगदीच कच्चा.

ही उणीव भरून काढली ती बेस कॅरी या मुलीनं. ती त्याच्या कारखान्याच्या शेजारीच राहायची आणि हिशेबनीसाचं काम शिकलेली होती. तिनं त्याची पत्रं लिहून द्यायला सुरुवात केली, मग वह्या लिहिल्या आणि १९०६ साली दोघांचं लग्न झालं.

आइस्क्रीम

आता ती प्रसिद्ध गोष्ट. उन्हाळ्यातला रविवार. मिलवॉकीजवळच्या ओकाउची तळ्यावर मित्रमंडळींची सहल. बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं. दुकान तळ्याच्या पलीकडं, दोन-अडीच मैलांवर. ओले होडीत बसला आणि वल्हवत निघाला. जाताना ठीक होतं, येताना ऊन रणरणतं आणि हातात आइस्क्रीम. वल्ही कितीही जोरात मारली तरी सूर्य त्याच्याहून वेगानं काम करत होता. परत आला तेव्हा आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. होडीला मोटर हवी, हा विचार त्याच्या डोक्यात तिथं पक्का झाला, असं म्हणतात.

खरं सांगायचं तर आऊटबोर्ड मोटरीचा पहिला शोध ओलेचा नव्हे. गुस्ताव्ह त्रुव्हे या फ्रेंच माणसानं १८८१ मध्येच पॅरिसच्या सेन नदीत विजेवर चालणारी, होडीला अडकवायची मोटर चालवली होती. अमेरिकेतही कॅमेरॉन वॉटरमन यानं १९०५ च्या सुमारास पेट्रोलची आऊटबोर्ड मोटर बनवून विकायला काढली होती. मग ओलेचं मोठेपण कशात? त्यानं अशी मोटर बनवली की जी साध्या माणसाला परवडेल, उचलता येईल आणि बिघडली तर स्वतः उघडता येईल.

१९०९ मध्ये त्याची पहिली मोटर मिलवॉकीच्या किनिकिनिक नदीत चालली. ताकद दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो. किंमतही पुढं ६२ डॉलरच ठेवली गेली. बेसनं ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला ते कॉफी दळायच्या यंत्रासारखं दिसलं, आणि तिनं तसं तोंडावर सांगितलंही. एका मित्रानं ती मोटर एका रविवारी तळ्यावर नेली आणि परत येताना दहा मोटरींची मागणी घेऊन आला.

पुढचं काम बेसचं. तिनं स्वतः जाहिरात लिहिली. वल्हवणं पुरे, वल्ही फेकून द्या आणि आमची मोटर लावा, असा तिचा मथितार्थ. पत्रांचा पाऊस पडला. दिवसा लहान मुलाला सांभाळायचं, रात्री पत्रांना उत्तरं लिहायची. भांडवलासाठी ख्रिस मेयर नावाचा भागीदार मिळाला, त्यानं पाच हजार डॉलर घातले. ऑगस्ट १९११ मध्ये पेटंट मिळालं. बेसनं परदेशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांनाही पत्रं धाडली होती. त्यातून ऑलुफ मिकेल्सन या निर्यातदाराच्या हातून मोटरी नॉर्वे-डेन्मार्ककडं गेल्या. सहलीला जाणाऱ्या हौशी लोकांसाठी बनलेलं यंत्र आता उत्तर समुद्रातल्या कोळ्यांच्या पोटापाण्याचं झालं. ज्या देशातून ओले पाच वर्षांचा असताना निघाला, तिथं त्याचं नाव यंत्रावर बसून परत गेलं.

यंत्रातला माणूस

इथं जरा थांबून ती जुनी मोटर उघडून पाहू. आज कुणाला शंभर वर्षांपूर्वीची एव्हिनरूड चालू करायची असेल तर काय करावं लागतं, हे पाहिलं की तिच्या कर्त्यानं काय विचार केला होता ते कळतं.

वर जड फ्लायव्हील, त्यावर हातानं फिरवायची मूठ. खाली एकच आडवा सिलिंडर. उभा दांडा नळीतून पाण्यात उतरतो, तळाशी दोन दातेरी चाकं त्याची फिरत काटकोनात वळवतात आणि पंखा फिरतो. बस्स. लपवलेलं काही नाही, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि पान्याला सापडतो.

जुनी मोटर हातात आली की पहिली गोष्ट म्हणजे घाई न करणं. मूठ धरून जोर लावला तर गंजलेला पिस्टन सिलिंडरला ओरखडे पाडतो. प्लग काढायचा, आत थोडं तेल सोडायचं, एक-दोन दिवस वाट पाहायची आणि मग हलक्या हातानं फ्लायव्हील पुढं-मागं करायचं. सुटल्यावर प्लगच्या भोकावर अंगठा दाबून फिरवायचं. अंगठा फटकन उडाला तर दाब शिल्लक आहे, म्हणजे जीव आहे.

नंतर ठिणगी. प्लग तारेला जोडून त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवायचं आणि फ्लायव्हील फिरवायचं. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर पॉइंटवर मळी चढलेली असते. ते बारीक घासून साफ करायचे आणि त्यांतलं अंतर त्या मोटरीला सांगितलेलं असेल तेवढंच, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ठेवायचं. कापडी वेष्टनाच्या जुन्या तारा तडकलेल्या असतात, त्या बदलायच्या.

इंधनाकडं खास लक्ष हवं. ही टू-स्ट्रोक मोटर आहे, तिला तेलाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल हेच तिचं वंगण. आजच्या मोटरींना पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल पुरतं. जुन्या साध्या बेअरिंगांना एवढं पुरत नाही, त्यांना साधारण सोळाला एक द्यावं लागतं. धूर होतो, पण मोटर वाचते. शिवाय आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. जुन्या कार्बोरेटरमधला तरंगा बुचाच्या लाकडाचा, वर लाखेचा लेप दिलेला. इथेनॉल लाख विरघळवतं, मग तरंगा पेट्रोल पिऊन बुडतो आणि इंजिन गटांगळ्या खातं. म्हणून इथेनॉलला दाद न देणारा लेप तरी द्यायचा किंवा तरंगाच बदलायचा.

आता सूर लावायचा. कार्बोरेटरची सुई आधी हलकेच पूर्ण बंद करायची, मग एक-दीड फेरा उघडायची. मोटर नेहमी पाण्यातच चालवायची, होडीवर किंवा पाण्यानं भरलेल्या पिंपात. कोरड्या हवेत चालवली तर पंख्यावर भार नसल्यानं ती बेफाम पळते आणि थंड करणारं पाणी नसल्यानं तापून अडकते. ठिणगीचा दांडा सुरू करताना मागं ठेवायचा, नाहीतर ती उलटा झटका देते, आणि मूठ फिरवणाऱ्याचं मनगट त्याची किंमत देतं. चालू झाली की दांडा हळूहळू पुढं. मग सुई थोडी थोडी बंद करत जायची. आवाज अडखळू लागला की थांबायचं आणि किंचित परत उघडायची. तिथं सूर लागतो. हे काम कानाचं आहे, तंबोरा जुळवण्यासारखं.

बाहेर पाणी फेकलं जातंय ना, हे पाहायचं. खाऱ्या पाण्यातून आली की गोड्या पाण्यात थोडा वेळ चालवायची, नाहीतर आतल्या वाटा मिठानं बुजतात. तळच्या चाकांतलं ग्रीस दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. पंखा ज्या छोट्या खिळीनं दांड्याला बसवतात ती मुद्दाम मऊ धातूची असते. पंखा खडकावर आपटला की खिळी तुटते आणि चाकं वाचतात. कुणी हुशारी करून तिथं पोलादी खिळा ठोकला, तर पुढच्या खडकाला सगळं यंत्रच जातं.

यातलं काहीही करायला कंपनीचा माणूस लागत नाही. पाना, पेचकस, तेलाचा डबा आणि सबुरी, एवढं पुरे. किनाऱ्यावर एकट्या असलेल्या कोळ्याला यंत्र आपलं वाटायला हवं असेल तर ते त्याला उघडता यायला हवं. ओलेनं आधी स्वतः हातानं घडवलेली यंत्रं विकली होती, म्हणून त्याला हे ठाऊक होतं. आपल्या गावांतही पावसात होड्या वर ओढल्या की कुठल्यातरी माडाखाली मशीनं उघडून बसलेला मिस्त्री दिसतो. सेंट पीटरच्या फेस्ताला होड्या जोडून सांगोड निघतो तेव्हा आपण सजावट पाहतो. त्यांच्या मागच्या फळीकडंही कधी पाहावं. रापणकाराच्या घरात कर्ज असतं ते याच मशीनचं, इंधनाचा खर्चही याचाच, आणि वारा उलटल्यावर घरी आणतं तेही हेच.

ज्याच्याबद्दल बोललं जात नाही

धंदा वाढत गेला. काही वर्षांत कामगार शेकड्यांनी झाले. आणि नेमक्या याच वेळी बेस आजारी पडली. रात्री जागून लिहिलेली पत्रं, मूल, घर, कचेरी या सगळ्यांचा भार तिच्या अंगावर आला होता.

१९१३-१४ च्या सुमारास ओलेनं आपला सगळा हिस्सा मेयरला विकून टाकला. त्यात अट अशी होती की पाच वर्षं त्यानं आऊटबोर्डच्या धंद्यात उतरायचं नाही. कंपनीच्या दारावरचं नाव त्याचं, मोटरीवरचं नाव त्याचं, पण त्याला त्या धंद्याला हात लावायची मुभा नाही. बायकोला आणि लहानग्या राल्फला घेऊन तो देशभर प्रवासाला निघाला.

विचार करून पाहा. लहानपणी वडिलांनी होडी जाळली तेव्हा ज्यानं दुसरी बनवली, त्यानं यश हातात असताना आपली होडी स्वतःहून सोडून दिली. बायकोसाठी आइस्क्रीम आणायला अडीच मैल वल्हवत जाणं ही तारुण्यातली हौस झाली. तिच्या तब्येतीसाठी स्वतःचं नाव दुसऱ्याच्या हाती देऊन निघून जाणं ही वेगळी गोष्ट आहे. मला वाटतं, त्याच्या प्रेमाची गोष्ट सांगायची तर ती ही आहे.

बेसची तब्येत सुधारली. दरम्यान ओलेचं डोकं स्वस्थ नव्हतं. पहिल्या मोटरीच्या वजनाची आणि थरथरीची त्याला खंत होती. त्यानं दोन सिलिंडरची नवी मोटर आखली. शक्य तिथं ॲल्युमिनियम वापरलं. ताकद दुप्पट, तीन अश्वशक्ती, आणि वजन जेमतेम ४८ पौंड. फ्लायव्हीलला हातानं पाव फेरा दिला तरी सुरू व्हावी अशी बॅटरीची ठिणगी. पाच वर्षांची मुदत संपली होती. तरी त्यानं आधी ती मेयरलाच देऊ केली. मेयरनं नको म्हटलं. मग १९२१ मध्ये नवरा-बायकोंनी नवी कंपनी काढली. स्वतःचं आडनाव तर विकलेलं. म्हणून एव्हिनरूड लाइट ट्विन आऊटबोर्ड या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून 'एल्टो' हे नाव तयार झालं. ही जुळणी बेसची. कचेरीत पुन्हा तीच बसली.

पुढच्याच वर्षी इंडियानातल्या जॉन्सन बंधूंनी ३५ पौंडांची आणखी हलकी मोटर बाजारात आणली आणि स्पर्धा जुंपली. ओले डगमगला नाही. तो नवनवी यंत्रं काढत राहिला, १९२८ मध्ये चार सिलिंडरची मोटरही आणली. त्याच सुमारास बेस कामातून निवृत्त झाली. जुनी एव्हिनरूड कंपनी मधल्या काळात वेगवेगळ्या हातांत फिरली होती. १९२९ मध्ये ती, एल्टो आणि लॉकवूड या तीन कंपन्या एकत्र आल्या आणि नव्या कंपनीचा अध्यक्ष झाला ओले. विकलेलं नाव पंधरा वर्षांनी त्याच्याकडं परत आलं.

आलं ते नेमकं महामंदीच्या तोंडावर. सहली थांबल्या, हौसेच्या वस्तू कोण घेणार? ओलेनं स्वतःचा पगार घेणं बंद केलं, पदरचे पैसे कंपनीत घातले आणि दारं उघडी ठेवली.

मे १९३३ मध्ये बेस गेली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षानं, १२ जुलै १९३४ ला ओलेही गेला. वय सत्तावन्न. धंदा राल्फनं सांभाळला. काही काळानं जॉन्सन कंपनीही त्यांच्यातच आली आणि जुने प्रतिस्पर्धी एका छपराखाली बसले. पुढं २००० च्या अखेरीला त्या मोठ्या कंपनीचं दिवाळं निघालं. एव्हिनरूड हे नाव आणखी वीस वर्षं दुसऱ्या मालकाकडं चाललं आणि २०२० मध्ये नव्या मोटरी बनणं थांबलं.

कंपनी संपली, पण यंत्रं संपली नाहीत. कुठंतरी एखाद्या गोठ्यात, एखाद्या बोटघरात धूळ खात पडलेली पितळी टाकीची मोटर कुणीतरी बाहेर काढतो. पॉइंट घासतो, सुई फिरवतो, कान लावून बसतो. शंभर वर्षांपूर्वी एका कारागिरानं ती उघडता येईल अशी बनवली, म्हणूनच हे शक्य होतं. त्या मोटरीवर नाव एकाचंच कोरलेलं असतं. पण तिच्या विक्रीचं प्रत्येक पत्र ज्या हातानं लिहिलं, तो हात बेसचा होता. नाव वाचताना तेवढं लक्षात असू द्यावं.